गोठ्यातल्या काठ्या

कार्तिक वद्य २, शके १८११

एडनहून डंकनसाहेबाचं बोलावणं आलं! आमच्या स्वारीनं तिथल्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून यावं, दोन वर्षं राहावं. कुटुंब आणायचं असल्यास घर मिळेल. आणि येताना साहेबाच्या गोल्फच्या काठ्या आणाव्यात — नीट बांधून! मागे खानदेशच्या बदलीत आगगाडीत दोन मोडल्या, तसं होऊ नये.

कुटुंब म्हणजे मी. ऐकलं आणि कुठली लुगडी न्यायची, हेही मनात ठरवून टाकलं. पण सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मुलगा समुद्रापार जातोय, तेवढं पुरे. सून जायची नाही." स्वारी गप्प. आईपुढे स्वारी नेहमीच गप्प! मीही आपली ताक घुसळत राहिले.

मला जायचं आहे. फार जायचं आहे. इथे लिहिलं, तेवढंच बरं वाटलं.

कार्तिक वद्य ४

काठ्या गोठ्यात आढ्याला टांगलेल्या. साहेब ठाणं सोडून एडनला जाताना स्वारीच्या हवाली करून गेला, तेव्हापासून तिथेच. मुठींना चामडं, म्हणून घरात मज्जाव. सासूबाई त्यांना विलायती विटीदांडू म्हणतात. चेंडू टोलवत टोलवत नेऊन लांबच्या बिळात घालायचा, एवढाच तो खेळ. भात कापून झालं की साहेब कोलशेतच्या मोकळ्या खाचरांत खेळे. त्यानं स्वारीला नादी लावलं.

आणि स्वारीनं मला! आज काठ्या खाली काढल्या आणि सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. माघातली दुपार. सासूबाई कौपिनेश्वराच्या देवळात कीर्तनाला गेलेल्या. गोठ्यामागच्या परसात स्वारीनं त्यातली आखूड काठी माझ्या हातात दिली. "अगं, वर काय बघतेस? चेंडूकडे बघ!" मी पदर खोचला आणि मारला. पहिला चेंडू भोपळ्याच्या वेलात. दुसरा थेट रांजणावर! पाण्याचा लोंढा, खापऱ्याच खापऱ्या, आणि आम्ही दोघं पोट धरून गवतात बसलेलो. संध्याकाळी मी सांगितलं, म्हशीनं फोडला. सासूबाईंनी म्हशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा रांजण आणवला.

त्यानंतर किती कीर्तनं झाली! मी त्यांची जेवढी वाट पाहिली तेवढी एखाद्या भाविकानंही पाहिली नसेल. काय दिवस होते ते. ती आखूड काठी माझीच होऊन गेली होती. आता तीही चालली.

कार्तिक वद्य ६

समुद्राच्या हवेनं काठ्यांचं लोखंड गंजतं. साहेबलोक त्याला चरबी चोपडतात म्हणे. चरबी! या घरात! मी म्हटलं, तूप चोपडू. घरचं, लोणकढं. लोखंडाला लावलं आणि हात सढळ, म्हणून मुठींच्या चामड्यालाही लावलं. वर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. स्वारी बघत होती. "मला भातावर कधी एवढं वाढलं नाहीस!"

कार्तिक वद्य ७

उंदीर!! मेले उंदीर! सकाळी जाऊन बघते तर पट्ट्यांच्या चिंध्या, मुठी कुरतडलेल्या, भिंतीवरून मुंग्यांची ही एवढी रांग. सगळ्यात जास्त खाल्ली ती माझ्या आखूड काठीची मूठ. मी रडकुंडीला आले. स्वारीनं आधी काठी पाहिली, मग मला पाहिलं, आणि हसूच फुटलं. "साहेबाला काय सांगू? तुमच्या काठ्या तुपात घोळवून आणल्या म्हणून?" मग मलाही हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी तसंच आणि हसतेय!

चांभाराकडून मुठी नव्यानं मढवून घ्यायच्या. लोखंडाला आता मेण, आणि वरून मेणकापड.

कार्तिक वद्य १०

सुतारानं पेटी आणून दिली. कोलशेतचा काळुराम पेंढा घेऊन आला. साहेबाचे हरवलेले चेंडू हुडकायला तोच असे. पेटीशी उकिडवा बसून म्हणाला, "सायेब चेंडू टोलवी न आमी मिठागरान धुंडू. मिठाचा खडा कंचा न चेंडू कंचा, कलं नाय!" खूप हसला. मग म्हणाला, "आता खाचरा सुनी परली, वैनीबाय."

पेंढा भरला तरी काठ्या आत खडखडत होत्या. तेवढ्यात सासूबाई दाराशी. हातात त्यांची गोधडी! मामंजी कराचीला नोकरीला होते, ती सगळी वर्षं सासूबाई इथे एकट्या ही गोधडी शिवत बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून तिला कुणाला हात लावू देत नाहीत.

"ही घाल मधे."

"अहो, पण चामडं आहे आत—"

"घाल म्हटलं ना!"

घातली. खडखड थांबली. सासूबाई पेटीकडे बघत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. मला काही उमगेना.

कार्तिक वद्य ११

उद्या पेटीला खिळे ठोकायचे. आखूड काठी मागे ठेवता येईल का, हे ओठांवर आलं होतं. पण साहेबाची वस्तू. नाही विचारलं.

कार्तिक वद्य १३

गेली स्वारी. हातावर दही घातलं. पेटी दमणीत चढवताना स्वारी गाडीवानाला म्हणत होती, "जपून रे, जपून," आणि पाहत होती माझ्याकडे. स्टेशनापर्यंत मी कशी जाणार? दमणी वळेपर्यंत दारात उभी राहिले. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या.

मार्गशीर्ष शुद्ध ५

काही नाही. आढ्याचा दोर नुसताच लोंबतो.

मार्गशीर्ष वद्य ९

पोष्टकार्ड आलं! स्वारी सुखरूप. सातही काठ्या सरळ, एकीलाही गंज नाही, साहेब खूश. तिथे गवताचं नाव नाही, वाळूतच खेळतात. मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

"आणि गोधडी?"

"ती रोज पांघरतात, असं लिहिलंय."

मी धार काढायचं निमित्त केलं आणि गोठ्यात जाऊन रडून घेतलं. काठ्या पोचल्या. त्यांना पेटी होती, पेंढा होता. मला कुणी बांधून नेलं असतं तर मीही पोचले असते!

पौष शुद्ध २

आज सासूबाईंनी मला गोठ्यातच गाठलं. "तो रांजण म्हशीनं फोडला नव्हता. कीर्तनातून मी अधूनमधून लवकर येत असे. फार वाकडा जातो गं तुझा चेंडू!" माझी मान वर होईना. मग म्हणाल्या, "मी कल्याणला धाकट्या मुलाकडे राहीन. चांगली सोबत बघते, तू एडनला जा. गोधडी मी एक शिवली, तेवढी पुरे."