नदीकाठचे घर विकणे नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या बनवणे (आता बंद), राहणार नदीकाठचे बैठे घर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला इतक्या आडवाटेला कोणी येत नाही. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात ‘आयुष्याचा भरवसा नाही’ असे एक वाक्य होते, ते मी गाळले आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून मला पुरेसा भरवसा दिला आहे. संबंधितांची नावे आणि पत्ते वकीलबाईंनी पुरवणीत जोडले आहेत. मी नात्यानेच लिहिणार, कारण तसेच सुचते.

कलम पहिले, माझा देह. तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यांची गाडी फाटकापर्यंत येऊ शकते, त्यापुढे चिखल असतो. कोणी भाषण करू नये. गर्दी जमणार नाहीच, पण दीर आले तर ते बोलतील, म्हणून लिहून ठेवते.

कलम दुसरे, बँकेतली शिल्लक. फार नाही. घरपट्टी, विजेचे बिल आणि वकीलबाईंची फी वजा जाता जे राहील ते फिरत्या दवाखान्याला द्यावे. ती गाडी पावसापाण्यात इथवर आली आहे. माझ्याबरोबर चहा घेऊन गेली आहे.

कलम तिसरे, माझी हत्यारे. मेणाच्या सुऱ्या, तापवायचा चमचा, पॉलिशचे यंत्र आणि दातांच्या रंगांचे नमुने हे सगळे लॅबमधल्या माझ्या जोडीदाराला मिळावे. आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसून आयुष्य काढले. त्याला स्वतःची सुरी कधी सापडायची नाही, तो माझी उचलायचा आणि वर म्हणायचा, “बाई, तुमच्या हातात असली की हिला धार असते.” आता कायमची उचल. प्लास्टरचे साचे मात्र कोणाला देऊ नयेत, फोडून खड्ड्यात टाकावेत. त्यात अनोळखी माणसांचे जबडे आहेत. बरेचसे आता या जगात नसतील.

कलम चौथे, माझ्या यजमानांच्या वस्तू. याला जरा जागा लागेल.

यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म त्यांनी इमारतींच्या पोटात, अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळत काढला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या दोनच अटी होत्या, घर बैठे पाहिजे आणि समोर वाहते पाणी पाहिजे. हे घर बघितले तेव्हा छप्पर गळत होते, शेजार नव्हता, दूध आणायचे तर अर्धी सकाळ जायची. मी म्हटले, “इथे मी काय करू?” ते म्हणाले, “तू घर बघ, मी मासे बघतो.” तसेच झाले. ते पहाटे काठी घेऊन काठावर जायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने, खूश होऊन परत यायचे. पकडलेला मासाही पुष्कळदा सोडून द्यायचे. सांगायचे, “ओळख झाली, पुरे.”

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचेतला एकच शब्द उरला, ‘नको’.

आमची मुलगी शहरातून रुग्णवाहिका घेऊन आली. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन दारात उभी होती. यजमान खाटेवर होते. ते म्हणाले, “नको.” मी त्या माणसांना सांगितले, “ते नाही म्हणतायत. परत न्या.”

मुलगी म्हणाली, “आई, त्यांना तेवढाच शब्द येतो! पाणी दिलं तरी नको म्हणतात!”

“मला कळतं ते कशाला नको म्हणतात.”

“तुला कसं कळतं?”

“मी त्यांची बायको आहे.”

“आणि मी कोण आहे?”

रुग्णवाहिका रिकामी परत गेली आणि तिच्यात, चालकाशेजारी बसून, मुलगीही गेली. यजमान त्यानंतर एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा जगले. ते गेले तेव्हा ती आली, सगळे होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोणाशी न बोलता निघून गेली. त्यानंतर सहा वर्षे फोन नाही, काही नाही. लोकांना वाटते मी रडत असेन. रडले नाही. सकाळी उठायचे, मोटर लावायची, अंगण झाडायचे. दात काढताना सुई टोचतात आणि गाल आपला राहत नाही, तसे काहीसे होते. त्याचा त्रास होत नाही. फक्त गाल चावला गेला तरी कळत नाही.

त्यांचे कपडे मी तेव्हाच देऊन टाकले. त्यांची कवळी, जी मीच बनवली होती, स्वयंपाकघरातल्या फडताळात स्टीलच्या डबीत आहे. ती कोणाच्या उपयोगाची नाही. टाकून द्यावी. मला जमले नाही.

कलम पाचवे, गळाच्या काठ्या, रिळे आणि टोपली. हे सगळे धाकट्या दिरांना मिळावे. त्यांच्यावर माझा राग आहे, तो इथे नोंदवते. यजमान जाऊन महिना होतो न होतो तोच ते टेम्पो घेऊन आले.

“वहिनी, काठ्या मला द्यायच्या असा दादाने शब्द दिला होता.”

“कधी?”

“आता, आजारपणात. मी भेटायला आलो होतो तेव्हा.”

“भावोजी, आजारपणात त्यांच्याकडे एकच शब्द होता. तो दिला असेल तर घेऊन जा.”

टेम्पो मोकळा गेला. पण काठ्यांना बुरशी चढते आहे आणि दिरांना मासे खरोखर आवडतात. आजारपणात येऊन भावाला मांडीवर घेऊन भरवणारेही ते एकटेच होते. म्हणून त्यांना. टेम्पोचे भाडे त्यांनी स्वतः द्यावे.

कलम सहावे, काठाची पायवाट. घराखालचा नदीकाठ आपल्या मालकीचा आहे, फाटकापासून मोठ्या वाकलेल्या झाडापर्यंत. मासेमारी मंडळाचे सचिव तिथे ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लावून गेले होते. मी ती उपटून तिच्यावर कपडे वाळत घातले. मंडळाला या काठावर कोणताही हक्क मिळू नये. एकटादुकटा माणूस गळ टाकून बसला तर त्याला उठवू नये.

कलम सातवे, घर आणि जमीन.

मागच्या वर्षी मी घर विकायला काढले. जिना नसलेल्या घरातही मला धाप लागू लागली होती. एजंटने पेपरात जाहिरात दिली, ‘निसर्गरम्य, निवांत, नदीकाठचे घर, मासेमारीची उत्तम सोय, लगेच ताबा.’ मी त्याला विचारले, “निवांत म्हणजे?” तो म्हणाला, “म्हणजे शेजारी नाही मॅडम, पण तसं लिहीत नसतात.” माणूस गोड आहे, पण तोंड फार चालते. फाटकावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लागली. माणसे येऊ लागली. एकाला रिसॉर्ट काढायचे होते. एका जोडप्याला जागा आवडली, पण बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “इथे तुम्हाला रडू येत नाही का हो?” मी म्हटले, नाही. ते परत आले नाहीत.

मग एका दुपारी एजंटची गाडी आली. त्याने आधी फोनवर सांगितले होते, “एकटी बाई आहे, नोकरदार, पार्टी चांगली आहे.” मागचे दार उघडून बाई उतरली. केस आखूड, थोडे पांढरे, चष्मा. मी माणसाचे आधी दात बघते, सवय आहे. तिने एजंटला काहीतरी विचारायला तोंड उघडले आणि डावीकडचा वर चढलेला सुळा दिसला. तो सुळा सरळ करून घे म्हणून मी तिच्या मागे शाळेपासून लागले होते.

ती माझी मुलगी होती. तिने मला बघितले, मी तिला बघितले. एजंट म्हणाला, “या मॅडम, घराच्या मालकीण.” ती म्हणाली, “नमस्कार.” मीही म्हटले, नमस्कार. माझ्या आत काही हलले असे मी खोटे लिहिणार नाही. तिच्या चपला चिखलात टिकणाऱ्या नाहीत, एवढेच मनात आले.

मी तिला गिऱ्हाइकाला दाखवतात तसे घर दाखवले. मोरी, कोठीची खोली, नवे छप्पर. तिने विचारले, “पाणी वर्षभर असतं का?” मी सांगितले, असते. “पूर येतो?” अंगणापर्यंत येतो, घरात नाही. एजंट मधेमधे बोलत होता. तिच्या लहानपणाचे फोटो भिंतीवर नव्हते, ते तिनेच नेले होते, नाहीतर त्याला तिथेच कळले असते.

मागच्या खोलीत आलो. खाट तशीच आहे, खिडकीकडे.

“इथे कोण असायचं?” तिने विचारले.

एजंट लगेच म्हणाला, “मॅडमचे मिस्टर. अगदी शांतपणे गेले. अशी वास्तू चांगली असते.”

“शांतपणे?” ती माझ्याकडे बघत म्हणाली.

“झोपेत,” मी म्हटले.

“बोलता यायचं त्यांना?”

“एकच शब्द. नको.”

एजंट बोलायचा थांबला. हे मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिले.

तिने विचारले, “जेवायला विचारलं तर?”

“नको म्हणायचे. आणि जेवायचे.”

“आणि नदीवर न्यायचं विचारलं तर?”

“तेव्हाही नकोच म्हणायचे. मी चाकाच्या खुर्चीत घालून न्यायचे. डाव्या हातात काठी दिली की गप्प व्हायचे. एकदा मासा लागला. मोठा होता. मी ओढून काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला. ते हसले.”

“मग?”

“मग नको म्हणाले. म्हणून सोडला.”

ती खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. पाठमोरी होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. एजंटने घड्याळ बघितले आणि खिशात हात घातले. शेवटी ती म्हणाली, “बघितलं. कळवते तुम्हाला.” हे तिने एजंटला सांगितले की मला, ते समजले नाही.

फाटकाशी एजंट गाडी वळवत होता. आम्ही दोघीच होतो. मी म्हटले, “तो सुळा अजून तसाच आहे.” ती म्हणाली, “हो, राहू दे आता.” गाडीत बसताना तिने काच खाली केली. घर बघायला आलेली माणसे ‘निघतो’ म्हणतात, ‘बरंय’ म्हणतात. ती म्हणाली, “येते.”

चार दिवसांनी एजंटचा फोन आला, हर्षवायू झाल्यासारखा. “मॅडम, त्या बाईंनी घासाघीसच केली नाही! मागितली ती किंमत! कधी बसायचं करारावर?”

“विकायचं नाही.”

“अहो, मग जाहिरात कशाला दिली?”

“तेव्हा विकायचं होतं.”

तो बरेच बोलला. मी फोन बाजूला ठेवून भात उतरवला, परत घेतला, तो अजून बोलत होता. दुसऱ्या दिवशी मी पाटी काढली. मुलीला मी फोन केला नाही. नंबर आहे, पुरवणीत लिहिला आहे. फोनवर काय म्हणायचे ते मला येत नाही.

तरी सदर घर, जमीन आणि नदीकाठ, वर दिलेल्या पायवाटेच्या अटीसह, माझ्यामागे माझ्या मुलीला मिळावे. तिने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. रिसॉर्टवाल्याला विकले तरी माझी हरकत नाही. आपल्या घरासाठी आपणच पैसे मोजायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढेच. एजंटला त्याची दलाली माझ्या शिल्लकीतून, दवाखान्याच्या आधी, द्यावी. गिऱ्हाईक त्याने आणले होते.

बाबांना मी जाऊ दिले नाही, हे तिचे म्हणणे. त्यांना जायचे नव्हते, हे माझे. आजही माझे तेच आहे, आणि तिने ते मान्य करावे अशी अट मी या कलमाला घातलेली नाही.

कलम आठवे. हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम वकीलबाईंकडे आहे. पूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. मुलगी मी असतानाच आली, तर हा कागद तिच्यापुढे ठेवू नये. मी आधी तिला जेवायचे विचारीन.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मान्य केला. साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही व अंगठा केला. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. पोस्टमन म्हणाला, “चहा तर मिळेल ना?” तो दिला.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: पोस्टमन (सही)
साक्षीदार दुसरी: नावाडीण, पैलतीरावर राहणारी (अंगठा)

ठिकाण: नदीकाठचे घर, स्वयंपाकघर
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच