साहेब आधी, आजार नंतर

बाबा, तो कारकुनाचा पिक्चर काल मी मोबाइलवर पाहिला, पहिल्यांदाच सरळ क्रमाने. तुम्हाला दाखवायचा राहून गेला, म्हणून हे लिहिते आहे. खोटा आजार सांगून रजा घेणारा कारकून, आणि त्याला भेटायला थेट घरी येणारा साहेब. तीन दिवसांत उतरलेला, सगळ्यांनी फालतू ठरवलेला पिक्चर, आणि काय सुरेख आहे हो तो! बायकोला पहिल्यापासून सगळं ठाऊक असतं, तरी ती मुकाट्याने त्याला पेज पाजत राहते, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नाही. कुणाच्या व्यंगावर हसणं नाही, उगाच पडापडी नाही. रडवणाऱ्याच्या गळ्यात लोक हार घालतात आणि हसवणाऱ्याला टाइमपास म्हणून मोकळे होतात, याचा मला काल फार राग आला.

आमगावच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर होता. आपटलेला विनोदी पिक्चर उतरायचा असला की शेवटच्या दुपारी घरच्यांना बोलवायचं, हा तुमचा नेम. या पिक्चरच्या शेवटच्या दुपारी हॉलमध्ये बाजाराला आलेली दरेकसा गावची मंडळी आहे, पायाशी पिशव्या ठेवून गाडीची वेळ होईस्तोवर बसलेली. आणि तुमच्या हातून रिळांची अदलाबदल होते, चौथं आधी, तिसरं नंतर. साहेब संत्री घेऊन आजाऱ्याला भेटून जातो, आणि मग कुठे कारकून आजारी पडायचं ठरवतो. टॉकीजचे मालक तणतणत तुमच्या मशीनच्या खोलीचा जिना चढतात, त्यांच्या मागोमाग मी. "अरे, ये क्या उल्टा-पुल्टा चला रहे हो? बंद करो!" तुम्ही भिंतीतल्या भोकातून खाली हॉलकडे बघत म्हणता, "पब्लिक हासून राह्यली ना सेठ. बंद कायले करू?" चिचगडची आत्या तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, उद्या शाळेत मुली चिडवतील म्हणून.

मध्यंतरात तुम्ही खाली आलात, काही घडलंच नाही अशा थाटात, आणि मला म्हणालात, "हिरोले का पाह्यतं व? मांगं थर्मामीटर धरून उभा हाय ना, त्याले पाह्य." त्या कंपाउंडरला अख्ख्या पिक्चरमध्ये एक वाक्य नाही. तो थर्मामीटर झटकतो, बघतो, पुन्हा झटकतो, आणि हॉल कोसळतो. मोठ्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्याकडे बघायची सवय मला तुम्ही लावलीत. ती जन्मभर कामी आली.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. "तो कारकुनवाला लावून दे व, एकदा पाह्यतो." मी म्हटलं, मिळत नाही. मिळत होता बाबा, मोबाइलवर समोरच दिसत होता. पण खोलीत पाहुणे बसले होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी हसणं ऐकू आलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी भजनं लावली. तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

हा कागद मी साड्यांच्या घडीत खाली ठेवणार आहे, भावाच्या हाती लागणार नाही असा. तो अजून दर वर्षी तुमच्या तिथीला सगळ्यांना सांगतो, की बाईने, म्हणजे मी, बाबांसाठी तो पिक्चर किती शोधला, आणि मी पानं वाढत ऐकून घेते.