मागच्या खोलीची भिंत

प्रिय ठमाबाई,

घर ठरलं! तुझ्या बाबांमुळे नव्हे, बाबा असूनही ठरलं. भाव करायला गेलेला माणूस घरमालकाच्या बागेचं, जिन्याचं, वर चहाचंही तोंड भरून कौतुक करून येतो, तेव्हा किंमत उतरायची कशी?

इंजिनिअरकडून घर तपासून घेतलं ते बरं झालं. मागच्या खोलीच्या भिंतीत ओल मुरलेली आणि छताच्या तुळईला वाळवी. दलाल म्हणाला, थोडंफार कमी करून घ्या आणि वरून रंग मारा. बाबा लगेच तयार! म्हणे, ती खोली बंदच ठेवू, आपल्या दोघांना जागा लागते कितीशी? मी म्हटलं, खोली बंद ठेवायची असेल तर घरच नको. दुरुस्तीचा सगळा खर्च किमतीतून वजा झाला तरच ती राहण्याजोगी होणार होती. आपल्या गाठीला वेगळं काही नाही, हे तुला ठाऊकच आहे.

मग मीच गेले. कापडाच्या दुकानात उभा जन्म गेलाय माझा! घरमालकांनी सगळं घर हौसेने दाखवलं, मागची खोली मात्र दारातूनच. ओलीवर कपाट लावलेलं. कपाट सरकवू या म्हटलं तर ते हलेनात, तेव्हा पदर खोचून मीच एका बाजूने हात लावला. मग बिचारे दुसऱ्या बाजूने आले. पोपडे सुटलेल्या भिंतीसमोर मी त्यांना सांगितलं, की आमच्या दुकानात डागाचं कापड डाग वर करून मांडायचो आणि भाव आपणहून उतरवायचो. त्यांनी पोपड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, बायको गेल्यापासून ही खोली धड उघडलीच नाही. मला वाईट वाटलं गं, खरंच वाटलं. बाबांनी तर तिथेच शस्त्रं टाकली असती. मी आकडा सोडला नाही. शेवटी त्यांनी मान डोलावली.

सोडला नाही, कारण ती खोली तुझी आहे. मागच्या फोनवर ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणालीस, आणि मागे जावईबापूंचा आवाज चढला तशी घाईने फोन ठेवलास. आईला ऐकू आलं नाही असं समजू नकोस. खोलीला बाहेरून वेगळं दार आहे, सकाळचं ऊन येतं. सोमवारपासून गवंडी लागतोय. छकुलीला घेऊन ये. का आणि किती दिवस, कुणी विचारणार नाही. बाबांना मी सांभाळते, लोकांनाही. पाहुणी म्हणून नको, राहायला ये.

तुझीच,
आई