दोराचं दुसरं टोक

अंदमान

तीर्थरूप आबा,

आपल्या हिर्डोशीच्या उंबऱ्याला लांबून हात लावून रत्नाचा नमस्कार. मी हितं खुशाल हाय. तुमचा मोबाईल लागत न्हाई, म्हणून पत्र.

आता मी समुद्रात नायट्रॉक्सवर बुडी मारते. म्हंजे सिलिंडरमधल्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो. पाण्यात जास्त वेळ राहता येतं, पण लई खोल गेलं तर तीच हवा बाधते. म्हणून मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर लागतो. ऑक्सिजन किती ते त्याला आधी सांगायचं, मग कुठवर उतरायचं ते तो दाखवतो.

तो घ्यायला गेले, तर दुकानदारानं रंगीत स्क्रीनचा दाखवला. म्या विचारलं, "हा ओढतो का?" त्याला कळावं म्हणून सांगितलं, आबा विहिरीत पडलेली कळशी काढायला उतरले की त्यांच्या कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात असायचं. शंभर मोजून झाले की म्या दोन हिसके द्यायचे, म्हंजे आता वर या. मग त्यानं मनगटावर थरथरणारा एक साधा काढला. तोच घेतला.

मंगळवारी कासवामागं जाता जाता जरा खाली गेले. मनगट थरथरलं, लगेच वर आले. एवढं आईला वाचून दाखवू नका.

भात झोडून झाला का? आईचा गुडघा कसा हाय?

आणि कुणाचीबी कळशी पडू दे, मी येईस्तोवर गळ टाकून काढा. आईच्या हातात दोर देऊन उतरू नका. ती मोजता मोजता बोलत बसते.

तुमचा दोर धरणारी,
रत्ना