रस्त्याकडेच्या दोन ग्रेव्हिलिया

३ ऑगस्ट, सकाळी ६
आजपासून शिस्तीत नोंदी. धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं झाली, एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही. वनस्पतिशास्त्र त्यापुढे काय! कॉलेज कशाला? भिंग बास.

५ ऑगस्ट
कोठाराच्या रस्त्याला दोन तऱ्हेची झुडपं, दोन्ही लाल फुलांची. कूळ एक, प्रोटिएसी. प्रजाती एक, ग्रेव्हिलिया. जाती वेगळ्या. पहिली मुबलक, मेंढ्यासुद्धा विचारत नाहीत. दुसरी 'संकटग्रस्त': जगात एकतीस झुडपं, सगळी आमच्या गावात. तिच्याभोवती सरकारी पिवळ्या खुंट्या, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र, ग्रेडर, तेवढा तुकडा सोडतं.

९ ऑगस्ट
पुस्तकात लिहिलंय, संकटग्रस्त जातीच्या पानाला खालून लव असते. खुंट्यांच्या आतल्या पानांना लव नाही. बाहेरच्यांना आहे! सरकार चुकलंय. ग्लेनिसला सांगितलं तर म्हणते, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. बायकोला विज्ञान सांगू नये.

१३ ऑगस्ट
वनखात्याला पत्र टाकून तीन दिवस झाले, उत्तर नाही. सहाही खुंट्या उपटल्या, योग्य झुडपांभोवती ठोकल्या. टेप लावून. सरकारी अंतरं कमीजास्त होती, तीही सुधारली. पुढच्या अहवालात माझं नाव येणारच.

१९ ऑगस्ट
पबमध्ये ग्रेडरवाला डॅरिल. मला म्हणाला, नेव्ह राव, खुंट्या चालायला लागल्या की काय? मी म्हटलं, तू तुझं पातं सांभाळ, झाडं माझ्याकडे. बरं प्रोफेसर, म्हणाला. (उशिरा का होईना, कुणाला तरी कळलं.)

२२ ऑगस्ट
रस्ता खरवडला. गुळगुळीत. माझी झुडपं सुखरूप.

२ सप्टेंबर
पत्र वाचून पर्थहून खात्याच्या वनस्पतितज्ज्ञ डॉ. हेनवूड आल्या. बाई रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या आणि ग्रेडरने खरवडलेल्या मातीतले तुटके बुंधे मोजू लागल्या. मग म्हणाल्या, लव फक्त कोवळ्या पानाला असते, जून पानाची झडते. माझ्या झुडपांवरची 'लव' बोटाने पुसून दाखवली: कोठारातून उडालेला गव्हाचा भुसा. खुंट्या कुणी हलवल्या, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तिथे उभा असलेला डॅरिल म्हणाला, प्रोफेसरांनी.
चौदा झुडपं गेली.
पुस्तकात 'कोवळ्या' हा शब्द आहे. पण पुढच्या पानावर. ही छपाईची हलगर्जी.

२० नोव्हेंबर
अहवाल आला. उरली सतरा. श्रेणी 'संकटग्रस्त'वरून 'अतिसंकटग्रस्त'. धोके: ससे, वणवा, तण, स्थानिक हौशी अभ्यासक. नाव कुठेच नाही. दोनदा पाहिलं, तळटीपांसकट. जातीची श्रेणी बदलायला लावणारा माणूस, आणि नाव नाही!
ग्लेनिस म्हणाली, नाव हवंय ना? टेबलावर कोर्टाचं पाकीट पडलंय, त्यावर आहे.
पाहिलं. अचूक लिहिलंय.