जपानी गाडीला जर्मन चाकं

॥ श्री ॥

भंडारा,
३ ऑक्टोबर २००४

चि. धर्मेंद्रास, भैय्यालालचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे खुशाल आहोत. तुझी आई जरा जास्तच खुशाल आहे, त्याचं कारण लिहून राहिलो. पवनीचे केवळराम हेडाऊ तुले आठवत असतील. आपल्या दुकानात कोशाच्या रेशमी साड्या घेऊन येत. त्यांची मुलगी रुचिका तुमच्या कॅनडातच, रेजायना नावाच्या गावी दवाखान्यात नर्स आहे. मामा-मामीजवळ राहते. मी नकाशात पाहिलं, तुझ्या सास्काटूनपासून ते गाव बोटभर दूर आहे. केवळराम म्हणते, अडीचशे किलोमीटर.

गोंदियाचंही एक स्थळ आलं होतं. पण तुझी आई म्हणे, गोंदिया आता आपल्या जिल्ह्यात राहिला नाही, जिल्ह्याबाहेरची सून मले नको. मग कॅनडातली कशी चालते, असं मी विचारलं, तर म्हणे ती पवनीची आहे.

आता कामाचं ऐक. रुचिकाले नागपूरच्या एका इंजिनियरचीही मागणी आहे आणि ते लोक घाईवर आले आहेत. केवळरामच्या मनात आपलं घर आहे, पण तो तरी त्यांना किती थांबवेल? तुळशीचं लग्न आटोपलं की त्याले हो का नाही ते सांगणं भाग आहे. म्हणून २७ नोव्हेंबरचा शनिवार धरला आहे. त्या दिवशी मामाच्या घरी जाऊन पोरीले पाहून येजो. तो दिवस हुकला तर होकार नागपूरले जाईल. फोटो सोबत आहे. उत्तर पत्रानेच पाठवजो, फोनवर तुझी आई जेवला काय, जेवला काय यातच सारा वेळ घालवते.

आमची माया तुझ्यापाशी आहेच, तुझी आमच्यापाशी असू दे.

तुझा,
भैय्यालाल

---

सास्काटून,
१६ ऑक्टोबर २००४

ती. बाबांस व सौ. आईस धर्मेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, फोटो पाहिला. मी लग्नाच्या घाईत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही म्हणता तर जाऊन येतो. २७ तारखेला कॅलेंडरात लाल गोल केला आहे. विसरू नये म्हणून केला, दुसरं काही नाही. फोटोही तिथेच टाचून ठेवला आहे, तोही तेवढ्याचसाठी.

अडचण टायरची आहे. मागचा हिवाळा मी बसने काढला, गाडी आत्ता मे महिन्यात घेतली. इथे नोव्हेंबरात बर्फ पडला की एप्रिलपर्यंत हलत नाही. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होऊन जाते आणि गाडी घसरते. म्हणून इथले लोक हिवाळ्याचे वेगळे टायर ठेवतात. त्यांचं रबर नरम राहते, नक्षी खोल असते. दरवर्षी टायर उतरवा-चढवायची कटकट नको म्हणून ते दुसऱ्या चार रिमांवर बसवूनच ठेवतात. हिवाळा आला की अख्खी चाकंच बदलायची.

तर एका म्हाताऱ्याकडे अशी चार चाकं विकायला आहेत. टायर जवळजवळ नवे, पाच नटांची रिम, माझ्याही गाडीला पाचच नट. पण त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची होती. तो म्हणतो, एकदा नेली की परत घेणार नाही. तुम्ही वीस वर्षं जीप चालवली आहे, म्हणून विचारतो. घेऊ की नको?

आईचा हात आणि तुमचा धाक, दोन्ही या लेकरावरून काढू नका.

आपला,
धर्मेंद्र

---

भंडारा,
२९ ऑक्टोबर २००४

चि. धर्मेंद्रास, आशीर्वाद. वि. वि.

तू मले विचारलं हे बरं केलं. दुकानदाराले विचारलं असतं तर त्याने तुले नवीनच माल दाखवला असता.

पावसाळ्यात दिघोरीच्या बाजाराले जाताना आपल्या जीपचं चाक फुटलं होतं आणि स्टेपनीचीही हवा गेलेली होती. चारी बाजूले धानाचा चिखल. तवा एका अनोळखी माणसाच्या ट्रेलरचं चाक मी बोटानं मोजलं, लावलं, आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन वेळेवर बाजारात पोचलो. म्हणून सांगतो, टेपच्या भानगडीत पडू नको. एका भोकापासून समोरच्या भोकाच्या पलीकडच्या काठापर्यंत बोटं ठेव. गाडीवर जितकी बोटं भरतात तितकीच रिमवर भरली तर डोळे मिटून घेऊन टाकजो. बाराची वीत, सहाची अर्धी वीत. चाळीस वर्षं मी याच हातानं कापड मोजून राहिलो, आजवर कोणतं गिऱ्हाईक परत आलं नाही.

शेजारच्या भय्याजीच्या किराणा दुकानात, सोनाराच्या ओट्यावर, साऱ्याइले सांगून झालं की पोरगा कॅनडातून मले चाकाचा सल्ला विचारून राहिला.

आता तुझी आई पेन ओढून राहिली.

बाळा, मी विमला. चाकं घेशील तर प्रत्येकाखाली एक लिंबू ठेवून मगच गाडी हलवजो. आणि टायरकडे कमी पाहा, पोरीकडे जास्त. तिथं गेल्यावर पाय हलवत बसू नको, ती तुझी जुनी सवय आहे. मुरमुऱ्याचा चिवडा पाठवून राहिली, मामीच्या घरी नेजो, रस्त्यात संपवू नको.

दोघांचा जीव तुझ्यात आहे, तुझा आमच्यात ठेव.

भैय्यालाल व विमला

---

सास्काटून,
१४ नोव्हेंबर २००४

ती. बाबांस व सौ. आईस दिवाळीचा शि. सा. न. वि. वि.

चाकं घेतली. गाडीवर सहा बोटं, रिमवर सहा बोटं. म्हातारा माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, जसं काही मी त्याच्या चाकांचं भविष्य सांगून राहिलो. पाडव्याच्या दिवशी चारही चाकांना पुसून, हळदकुंकू लावून बैठकीत मांडून ठेवलं. घरात एकच खुर्ची आहे, त्यामुळे चाकांनी घर भरल्यासारखं वाटते.

गॅरेजात शुक्रवारची, म्हणजे २६ची वेळ मिळाली. त्याआधी सारी गर्दी आहे. बर्फ अजून पडला नाही. निळा सदरा घालू की पांढरा ते आईने सपनात येऊन सांगावं, पत्र काही तोपर्यंत पोचत नाही. चिवडा अर्धा शिल्लक आहे.

तुमच्या लेकावर असाच जीव असू द्या.

धर्मेंद्र

---

सास्काटून,
२८ नोव्हेंबर २००४

ती. सौ. आईस धर्मेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. बाबांना वाचून दाखवशील तर मधला भाग गाळजो.

गुरुवारी बर्फ सुरू झाला. शुक्रवारी मी चाकं घेऊन गॅरेजात गेलो. मेकॅनिकने एक चाक उचलून लावलं. एक नट बसला, दुसरा बसला, तिसरा अडला. त्याने चाक काढून पुन्हा लावलं, मग माप आणलं. माझ्या गाडीच्या बोल्टांचं वर्तुळ त्या रिमच्या भोकांच्या वर्तुळापेक्षा दोन मिलिमीटर रुंद निघालं. तो म्हणाला की गाडी जपानी आहे आणि चाकं जर्मन, यांचं जुळत नाही. दोन मिलिमीटर म्हणजे, आई, तुझ्या काचेच्या बांगडीएवढं. तेवढ्यासाठी माझं लग्न अडलं. दुसरं काही करायचं तर म्हणे मंगळवारी या, पहिला बर्फ पडला की सारं गाव टायरसाठी धावते.

शनिवारी सकाळी निळा सदरा घालून जुन्याच टायरवर निघालो. घरासमोरच्या वळणावर गाडीने गर्रकन गिरकी घेतली आणि पुन्हा घराकडे तोंड करून उभी राहिली. कुठे लागलं नाही, पण तिचं म्हणणं मले समजलं. बसमध्ये जागा नव्हती. शेवटी मामांना फोन केला. आज जमत नाही म्हणताना माझा आवाज रडवेला झाला, तुझ्याशी कायले खोटं बोलू. मामांनी फोन रुचिकाच्या हातात दिला. तिने सारी हकीकत नीट ऐकून घेतली आणि म्हणाली की तुमच्या गाडीचं जमत नसेल तर माझ्या गाडीचं जमते, तिले चारही टायर हिवाळ्याचेच आहेत, मी मामीला घेऊन निघते. मी काही बोलायच्या आत फोन ठेवूनही दिला.

आता पाहणाऱ्या त्या होत्या आणि दाखवून घेणारा मी. घर झाडलं, पोहे भिजवले, चण्याची तर्री चढवली. बसायला जागा नव्हती म्हणून दोनावर दोन चाकं रचून त्यावर चादर टाकली. दुपारी त्या दोघी आल्या आणि थेट त्या जर्मन चाकांवर बसल्या. मी ट्रे घेऊन खाली मान घालून बाहेर आलो. खाली मान कशी जाते ते मले माहीत नाही, आपोआप गेली. मामीने माझं नाव विचारलं, जसं काही तिले माहीतच नव्हतं. शिक्षण विचारलं, पोहे कोणी केले ते विचारलं. मग म्हणाली, मले माझ्या वेळी चालून दाखवायला लावलं होतं, तुम्हीही चाला. मी चाललो, आई. खिडकीपर्यंत जाऊन परत आलो. रुचिका पदर नव्हता म्हणून मफलर तोंडात धरून हसत होती.

नंतर तिने चादर उचलून टायर पाहिले. बाजूला डोंगर आणि बर्फाचं फूल कोरलेलं दाखवलं, ती खऱ्या हिवाळी टायरची खूण असते. माझ्या गाडीचं दार उघडून आतल्या काठावरच्या चिठ्ठीवरचं माप वाचलं आणि टायरवरच्या आकड्यांशी जुळवलं. टायर बरोबर आहेत, रिमच तेवढ्या चुकल्या, असं म्हणाली. टायर उतरवून माझ्या जुन्या रिमांवर चढवले की झालं, मंगळवारी तेवढं करून घ्या. मग एकदम विचारलं की बोटानं मोजायची ही अक्कल कोणाची. मी म्हणालो, माझीच.

निघताना मामी दारात म्हणाली, घरी जाऊन कळवतो. पोरींना हे वाक्य कसं ऐकू येते ते काल समजलं. केवळरामकाका रुचिकाच्याच शब्दावर थांबले आहेत, नागपूरवालेही थांबले आहेत. मी कालपासून फोनजवळ बसून पाय हलवत आहे.

बाबांना एवढंच सांगजो की माझी बोटं बारीक आहेत म्हणून माप चुकलं. आणि तुले सांगतो, मले ती खूप आवडली. नाही म्हणाली तर मले फार वाईट वाटेल.

तुझ्या मायेला आधीपेक्षा जास्त धरून असलेला,
धर्मेंद्र

---

रेजायना,
२९ नोव्हेंबर २००४

ती. भैय्यालालकाकांस व सौ. विमलाकाकूंस रुचिका हेडाऊचा सा. न. वि. वि.

मुलीने स्वतः पत्र लिहावं अशी रीत नाही, हे मले ठाऊक आहे. पण मुलीने अडीचशे किलोमीटर गाडी हाकून मुलगा पाहायला जावं अशीही नाही, आणि ते तर झालंच आहे. मामी म्हणाली, एवढं केलं तर आता पत्रही तूच लिही.

काका, मी एक गोष्ट आधीपासून जाणून होते. दिवाळीच्या आधी तुम्ही पवनीला आला आणि चाकं बोटानं मोजायची युक्ती मुलाला कशी शिकवली ते आमच्या बाबांना मोठ्या हौसेनं सांगितलं. बाबांनी ते फोनवर मला सांगितलं. म्हणून शनिवारी चाकं बसत नाहीत असं ऐकल्यावर सारा प्रकार माझ्या ध्यानात आला. तरी मी मुद्दाम विचारलं, ही अक्कल कोणाची. समोर मामी, बैठकीत नको ती चाकं, दिवस हातचा गेलेला. तुमचं नाव घेऊन ते मोकळे होऊ शकत होते. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं की माझीच.

माझ्या वॉर्डात रोज माणसं येतात. काही बिघडलं की पहिलं बोट दुसऱ्याकडे दाखवतात. संसारात माझ्याकडूनही कधी दोन मिलिमीटर चुकेल. तेव्हा हा माणूस चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवणार नाही, एवढं मला दिसलं. मुलगा मला पसंत आहे. पोह्यांत मीठ कमी होतं, ते पाहून घेता येईल.

बाबांना मी काल कळवलं, ते नागपूरला तसं सांगतील. तुमच्या मुलाला मात्र अजून सांगितलेलं नाही. मुलींना महिना-महिना वाट पाहावी लागते, तेव्हा हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत बारा-पंधरा दिवस त्यांनाही पाहू द्यावी आणि मग तुम्हीच कळवावं, असा माझा बेत होता. परंतु आज सकाळपासून माझंच कशात लक्ष लागत नाही. तेव्हा पाकीट टपालपेटीत टाकते, आणि तिथूनच त्यांना फोन करते.

तुमच्या मायेत माझ्यापुरती जागा करून ठेवावी.

आपली,
रुचिका