नाव ठेवलेला खडा

अक्का, तुला जिवंतपणी कधी अहो-जाहो केलं नाही, आता पत्रात करायला बसले तर तूच हसशील. तू जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हा मी तुझ्याच रांगेत बसून डाळ निवडत होते. आता त्याच डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, गळ्यात ओळखपत्र, हातात पेन. यात कौतुक कसलं, रांगेत बारावी झालेली मी एकटीच होते. पण या पेनाच्या तोऱ्यात मी तुझी एक वस्तू परस्पर देऊन टाकली. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तेव्हा मशीन नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अठरा जणी दोन रांगांत बसायचो, पुढ्यात तुरीच्या डाळीचा ढीग, मांडीशी सूप, आणि मधोमध तुझी ती कड तुटलेली जर्मनची वाटी. खडा सापडला की वाटीत टाकताना त्याला कुणाचं तरी नाव द्यायचं आणि का ते सांगायचं, हा तुझा नियम. हा माझ्या नणंदेचा, दिसतो डाळीसारखा, कळतो दाताखाली आल्यावर. हा शेठचा, गुळगुळीत आहे, हातातून सटकतो. बिननावाचा खडा तू धरतच नव्हतीस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जिचा खडा सगळ्यांत मोठा, ती उरलेला दिवस पंख्याखाली बसायची, आणि पंखा तर एकच. शिवाय बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या जणींनी तिला राणीसाहेब म्हणायचं. मुकादम आमच्या हसण्यावर खेकसत यायचा, पोत्यात हात घालून डाळ बघायचा आणि गप परत जायचा. साऱ्या जगाला नावं ठेवता ठेवता आमच्या हातून एक खडा सुटत नव्हता.

मे महिन्यातला तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. पत्रा तापलाय, डोळ्यांपुढे डाळ नाचतेय, आणि मला काहीही करून पंखा हवाय. पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर जाते, अंगणातला बोराएवढा खडा उचलते आणि ओढणीच्या गाठीत बांधून आत आणते. हा आमच्या गणिताच्या मास्तरांचा, असं म्हणून वाटीत टाकते. सगळ्या हसतात. तू तो खडा उचलतेस, तळहातावर फिरवतेस. डाळीतल्या खड्यावर पिवळी पूड बसलेली असते, हे मला कुठे सुचलं होतं. माझा खडा काळा कुळकुळीत. तू कुणाला काही बोलली नाहीस. बसा राणीसाहेब, म्हणालीस. त्या पंख्याखाली मला जेवढा घाम फुटला तेवढा उन्हात कधी फुटला नाही. संध्याकाळी फाटकाशी तू मला थांबवलंस.

"बाकी बठ्ठं मालकनं शे," तू म्हणालीस. "खेळ तेवढा आपला शे. तेन्हामा लबाडी नको करू, बाई."

एवढंच. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा रोजच्यासारखा माझ्यापुढे सरकवलास. मी मात्र मान वर करून जेवले नाही.

आता धाकटे शेठ बघतात. मशीन आलं, तरी शेवटची नजर बायकांचीच, त्या सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून निवडतात. गेल्या वर्षी शेठने पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. कामाच्या जागी खेळकरपणा पाहिजे म्हणे, माणूस हसला की काम चांगलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या, तळमळीने बोलायच्या. पण दर शुक्रवारी फुगे आणि संगीत खुर्ची. पहिल्याच शुक्रवारी एक आजीबाई खुर्चीवर बसल्या त्या उठेचनात. दिवसभर उभं राहून आता कुठे खुर्ची मिळाली, आता कशाला उठू, म्हणाल्या. मग बैठकीत शेठने विचारलं, कुणाला काही सुचतंय का, आणि माझी जीभ वळवळली. मी तुझा खेळ सांगितला. रांगेत तो तोवर चालूच होता, हळू आवाजात, माझ्याकडे पाठ करून. मला तो ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. तोच मी शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला, वर शाबासकी घेतली.

महिनाभरात फळा लागला. महिन्याची खडा राणी, खाली फोटो. खडे काट्यावर तोलायचे, पहिलीला मिक्सर. लोकांना नावं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून नावं तेवढी काढून टाकली. बायका हसायच्या थांबल्या. एकमेकींच्या हाताकडे बघायला लागल्या. आणि एके दिवशी एकीच्या पदराच्या गाठीत तीन खडे सापडले, काळे कुळकुळीत. नवऱ्याच्या मागे दोन मुलींना एकटी वाढवणारी बाई. खायच्या मालात बाहेरचे दगड, उद्यापासून हिला येऊ देऊ नका, शेठ म्हणाले. आता यात चूक काय म्हणावं? मी तिला बाजूला घेतलं आणि तुझाच आव आणून विचारलं, खेळात अशी लबाडी करतात का?

"खेळ कुठे राहिला, बाई?" ती म्हणाली. "ते तर आता कामच झालं."

अक्का, तिने माझ्या थोबाडीत दिली असती तरी परवडलं असतं. मी तशीच शेठच्या खोलीत गेले. म्हटलं, खेळ माझा नव्हता, तो तुम्हाला देण्याची चूक माझी. तिला काढणार असाल तर आधी मला काढा, कारण खडा मीही आणला होता. आणि तो मे महिना सगळा सांगितला. घराचे हप्ते आठवत होते. शेठने हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, केवढा होता? मी बोटांनी दाखवला. त्यांना हसू आवरेना. ती बाई राहिली, सध्या पोती शिवायला बसते. फळा उतरला. पण हे मी बंद दाराआड सांगितलं, रांगेपुढे सांगायची हिंमत माझ्यात नाही.

त्यानंतर दोन महिने पट्ट्याशी नुसता मशीनचा आवाज. मला वाटलं, गेला तुझा खेळ, माझ्या हाताने गेला. परवा मागून जात होते तर पट्ट्याखाली डब्याचं एक झाकण दिसलं, आणि कुणीतरी पुटपुटलं, हा आपल्या सुपरवायझर बाईंचा, कुणी बोलावलं नाही तरी मधे येतो. खुसखुस झाली. मग मी दिसले आणि सगळ्या पट्ट्यावर वाकल्या. मी कागदात डोकं घातलं आणि पुढे निघाले. 

तुला अक्षर येत नव्हतं, तुझ्या भावाची पत्रं मीच वाचून दाखवायचे. हे कोण वाचणार? राहील माझ्या खणात. एकच सांगायचं राहिलं. सगळ्या गेल्यावर मी ते झाकण बघायला परत गेले होते. त्यात सात-आठ खडे होते, सगळ्यांवर पिवळी पूड. त्यातला माझा कोणता ते कळेना. पण सगळ्यांत मोठा माझा असावा, असं फार वाटलं.